ओरेगॉनच्या किनाऱ्यावर शांत, घरगुती आरव्ही पार्कमध्ये मुक्काम : मार्गदर्शन हवे आहे

समुद्रओढ :

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या उत्तरार्धात माझे आई-बाबा भारतातून आमच्याकडे पोर्टलंडला येत आहेत. त्यांना घेऊन काही दिवस अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावर भाड्याच्या आरव्हीने, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, जाण्याचा विचार आहे. आम्ही पंचवीस फुटी क्लास सी (मध्यम आकाराची, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली) आरव्ही घेणार आहोत आणि हा आमचा पहिलाच अनुभव असेल.

अशा गाड्या मुक्कामाला लावण्यासाठी मित्रमंडळींनी सुचवलेली बहुतेक ठिकाणे पोहण्याचा तलाव, करमणुकीचे सभागृह आणि दिवसभर फिरणाऱ्या गोल्फ कार्ट असलेली मोठी रिसॉर्टवजा पार्क आहेत. आम्हाला यातले काही नको आहे. आईची झोप सावध आहे, बाबांचे गुडघे दुखतात आणि दोघांनाही सकाळचा चहा घेऊन शांतपणे बाहेर बसायला आवडते. म्हणून एखादे कुटुंब स्वतः चालवते, मालक तिथेच राहतात आणि जागा मोजक्याच आहेत, असे पार्क शोधत आहे. अशी पार्क बरीच असावीत, पण त्यांची संकेतस्थळे जुनी आणि त्रोटक असतात आणि त्यावरून नीट अंदाज येत नाही.

पार्क खरोखर शांत आहे की नाही, हे जाण्याआधी कसे ओळखावे? किनाऱ्याचा कोणता भाग निवडावा? वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी घेताना कोणती काळजी घ्यावी? आम्ही रोजचा स्वयंपाक आरव्हीतच करणार आहोत, तेव्हा त्या दृष्टीनेही सांगावे. ज्यांनी आई-वडिलांना घेऊन असा प्रवास केला आहे, त्यांच्या सूचना विशेष उपयोगी पडतील.

---

चाकावरचे घर :

आमचा स्वतःचा ट्रेलर आहे आणि आम्ही शक्यतो अशाच लहान पार्कांत उतरतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

संकेतस्थळ जुने आहे म्हणून पार्क बाद करू नका. सरळ फोन करा. घरगुती पार्कात फोन उचलणारी व्यक्ती बहुधा मालकीण किंवा मालक असते, आणि ज्यांना आपल्या जागेची काळजी आहे ते तुम्हाला उलट प्रश्न विचारतात : गाडीची एकूण लांबी किती, बाहेर सरकणारी खोली आहे का, सोबत कुत्रा आहे का, पोहोचणार किती वाजता. हे प्रश्न मला नेहमी आश्वासक वाटतात, कारण कोणती गाडी कुठे लावायची याचा विचार करणारा माणूसच शेजाऱ्यांच्या झोपेचाही विचार करतो. तुम्हीही मोकळेपणाने सांगा की सोबत वडीलधारी माणसे आहेत, आईची झोप सावध आहे आणि बाबांना सपाट जागा हवी आहे. अशा वेळी मालक स्वतःहून आतल्या बाजूची, स्नानगृहाजवळची पण त्याच्या दाराला अगदी लागून नसलेली साइट, म्हणजे गाडी लावण्याची जागा, सुचवतात. हे ऑनलाइन आरक्षणाच्या नकाशावर कळत नाही.

शांततेबद्दल बोलायचे तर पार्कातल्या माणसांपेक्षा पार्काच्या आजूबाजूला काय आहे याचा त्रास जास्त होतो. किनाऱ्याला धरून जाणारा महामार्ग १०१ बऱ्याच पार्कांच्या फाटकासमोरूनच जातो आणि त्यावर पहाटेपासून लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक धावतात. उपग्रह नकाशावर पार्क आणि महामार्ग यांच्यामध्ये झाडांचा पट्टा किंवा उंचवटा आहे का, ते पाहून घ्या. बंदराला लागून असलेल्या पार्कात मासेमारीच्या नावा उजाडण्याआधी सुटतात. न्यूपोर्टच्या बंदरात तर समुद्रसिंहांचे ओरडणे रात्रीही चालू असते. पाहायला ते फार छान वाटतात, पण त्यांच्या आवाजाच्या टप्प्यात झोपणे तुमच्या आईंना जमणार नाही. फ्लॉरेन्सपासून कूस बेपर्यंत सुमारे ४० मैल पसरलेला ओरेगॉन ड्यून्सचा परिसर विलक्षण सुंदर आहे, परंतु तिथल्या काही भागांत वाळूच्या टेकड्यांवर चालणाऱ्या मोटारगाड्यांना परवानगी आहे आणि त्या भागांजवळच्या पार्कांत तीच मंडळी उतरलेली असतात. त्यांच्या सुट्टीत गैर काही नाही, फक्त तुमच्या सुट्टीशी तिचा मेळ बसणार नाही.

दुसरा मुद्दा समुद्राच्या दर्शनाचा. अगदी पुढच्या रांगेतली, समुद्र दिसणारी साइट मिळावी म्हणून लोक जास्त पैसे मोजतात. मला ते गरजेचे वाटत नाही. ओरेगॉनमध्ये गव्हर्नर ऑस्वाल्ड वेस्ट यांच्या काळात, १९१३ साली, ओली वाळू सार्वजनिक मार्ग म्हणून घोषित झाली आणि १९६७च्या ‘बीच बिल’ने कोरड्या वाळूवरचा लोकांचा हक्कही कायद्याने राखला. त्यामुळे इथला किनारा कोणा एका हॉटेलच्या किंवा पार्कच्या मालकीचा नाही. तुम्ही कुठेही उतरलात तरी जवळच्या सार्वजनिक वाटेने वाळूवर जाऊ शकता. उलट पुढच्या रांगेत वारा थेट अंगावर येतो, खारट तुषारांनी खिडक्या धूसर होतात आणि बाहेर बसून चहा घेण्याचा बेत बरेचदा आतच उरकावा लागतो. समुद्रापासून थोडे आत, पाइनच्या झाडीमागे असलेली साइट मी नेहमी पसंत करतो. नेहेलम, अल्सी किंवा सायुस्लॉ या नद्यांच्या काठाने काही मैल आत गेले की किनाऱ्यावर धुके असतानाही अनेकदा ऊन मिळते.

तुम्ही निवडलेला काळ उत्तम आहे. लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते, उन्हाळ्यातला उत्तरेकडचा जोरदार वारा कमी होऊ लागतो आणि मोठ्या पावसाला अजून अवकाश असतो. तरीही उबदार कपडे घ्यायला विसरू नका. आई-बाबांच्या मनात समुद्रकिनारा म्हणजे कोकणातली उष्ण, दमट हवा असेल. इथे दुपारीही तापमान बहुधा वीस अंश सेल्सिअसच्या आतच राहते आणि पाणी दहा ते तेरा अंशांच्या आसपास असते, कारण उन्हाळी वाऱ्यामुळे खोलातले थंड पाणी वर येत राहते. हे त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

भाग निवडायचा झाला तर डिपो बे ते याखाट्स हा मधला पट्टा मी सुचवेन. डिपो बे येथे रस्त्याला लागूनच समुद्राची भिंत आहे आणि जून ते ऑक्टोबरच्या काळात तिथल्या पाण्यात चरणारे करडे देवमासे भिंतीशी उभे राहून दिसू शकतात, म्हणजे बाबांना पायऱ्या उतरण्याची गरज नाही. राज्य उद्यान विभागाचे देवमासे पाहण्याचे केंद्रही तिथेच आहे. न्यूपोर्टजवळच्या याक्विना हेडचे ९३ फूट उंच दीपगृह राज्यात सर्वांत उंच असून ते १८७३ साली प्रथम उजळले. याखाट्सच्या दक्षिणेला केप पर्पेचुआ आहे, जिथे गाडीने सुमारे ८०० फूट उंचीवर जाऊन दोन्ही दिशांना पसरलेला किनारा पाहता येतो. फक्त वर जाणारा रस्ता अरुंद आणि वळणाचा असल्यामुळे आरव्ही नेता येईल का याची चौकशी आधी करावी. पोर्टलंडहून येताना महामार्ग १८ने लिंकन सिटीच्या उत्तरेला १०१ला मिळालात की पुढचा प्रवास सोपा आहे. उत्तरेचा कॅनन बीच तुम्हाला जवळ पडेल आणि तिथला हेस्टॅक रॉक हा किनाऱ्यावरचा प्रचंड खडक पाहण्यासारखा आहेच, पण तिथे गर्दी जास्त असते आणि तो एका दिवसाच्या सहलीतही होतो.

एक विनंती. उजेड असताना पोहोचा. लहान पार्कातले रस्ते अरुंद असतात, आणि पहिल्यांदाच गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून दिशा दाखवणे अंधारात अवघड जाते. शक्य असेल तर पुढून शिरून पुढूनच बाहेर पडता येणारी, ज्याला पुल-थ्रू म्हणतात ती साइट मागा. कार्यालय संध्याकाळी लवकर बंद होते; उशीर होणार असेल तर फोन करून सांगावे, म्हणजे मालक साइटचा क्रमांक आणि नकाशा पाकिटात घालून दाराशी ठेवतात.

---

डोंगरवाट :

वरचे उत्तर परिपूर्ण आहे. मी फक्त जोडण्यांबद्दल लिहितो, कारण भारतीय स्वयंपाकाचा संबंध इथेच येतो.

तुमच्या आकाराच्या आरव्हीला बहुधा ३० अँपियरची जोडणी असते. १२० व्होल्टच्या हिशेबाने ती जास्तीत जास्त ३६०० वॅट देते. इलेक्ट्रिक हीटर १५०० वॅट, इंडक्शनची शेगडी १८०० वॅटपर्यंत आणि विजेवर चालणारा गीझर साधारण १४०० वॅट घेतो. म्हणजे थंड सकाळी हीटर चालू असताना गीझर तापत असेल आणि त्यातच कोणी चहासाठी शेगडी लावली, तर ब्रेकर पडणार हे नक्की. त्यावर उपाय सोपा आहे : स्वयंपाक प्रोपेनच्या शेगडीवर करा, गीझरही प्रोपेनवर ठेवा आणि वीज हीटरसाठी राखा. जुन्या पार्कातल्या वीजजोडणीच्या खांबांवर व्होल्टेज कमी-जास्त होऊ शकते, म्हणून व्होल्टेज तपासून गरज पडल्यास वीज तोडणारे संरक्षक यंत्र आरव्हीसोबत मिळते का, ते भाड्याच्या कंपनीला विचारा. जोडणी करताना आधी खांबावरचा ब्रेकर बंद करावा, प्लग लावावा आणि मग ब्रेकर चालू करावा.

पाण्यासाठी पिण्याच्या पाण्याची वेगळी पांढरी नळी असते आणि तिच्या आधी दाब कमी करणारा झडपेचा तुकडा लावावा लागतो. पार्कातल्या पाण्याचा दाब कधी कधी आरव्हीच्या नळांना सोसवणार नाही इतका असतो.

सांडपाण्याचा भाग मात्र नीट समजून घ्यावा, कारण घरगुती पार्कांत इथे विशेष काळजी लागते. गावापासून दूर असलेली अनेक लहान पार्क नगरपालिकेच्या गटारावर नसून स्वतःच्या सेप्टिक टाकीवर चालतात. त्या टाकीतले जिवाणू मरतील अशी फॉर्माल्डिहाइड असलेली रसायने मैल्याच्या टाकीत टाकू नयेत. सेप्टिकला चालणारी जैविक द्रव्ये मिळतात, तीच वापरावीत. सांडपाण्याची नळी जोडलेली असली तरी मैल्याच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवायची नसते. तशी ठेवली तर पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग तळाशी साचून राहतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी ती मोकळी करावी आणि नंतर मोरीच्या पाण्याची टाकी सोडावी, म्हणजे त्या पाण्याने नळीही धुऊन निघते. वरण-भाताची शिते आणि फोडणीचे तेल मोरीत जाऊ देऊ नका. ताटे आणि कढई आधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकावा. मालकांच्या टाकीची ही काळजी आपण घेतली पाहिजे असे मला मनापासून वाटते, कारण लहान पार्काला टाकीची दुरुस्ती फार महागात पडते.

फोडणीबद्दल आणखी थोडे. आरव्हीतला धुराचा अलार्म शेगडीपासून फार लांब नसतो. छतावरचा पंखा चालू करून आणि समोरची खिडकी थोडी उघडूनच मोहरी टाकावी, अथवा बाहेरच्या टेबलावर वेगळी शेगडी लावावी. जमिनीलगत बसवलेला दुसरा अलार्म गॅसचा असतो. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली लावतात. तो वाजला तर सगळ्यांनी आधी बाहेर पडावे. प्रेशर कुकरची शिटी पातळ भिंतींमधून शेजारच्या दोन-तीन गाड्यांपर्यंत सहज पोहोचते. शांततेची वेळ बहुतेक ठिकाणी रात्री दहापासून सकाळी सात-आठपर्यंत असते, तेव्हा डाळ-भात आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी उशिरा लावावा.

माणसांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ यांमुळे थंड रात्री खिडक्यांवर आणि गादीच्या कडेला पाणी जमते. हीटर चालू असला तरी छताची खिडकी बोटभर उघडी ठेवावी.

---

किनाऱ्याकाठी :

माझे मत थोडे वेगळे आहे. बाबांचे गुडघे दुखत असतील तर आरव्हीच्या उंच पायऱ्या, अरुंद न्हाणीघर आणि चालकाच्या डोक्यावरचा पलंग यांचा विचार आरक्षणाआधी करा. वरचा पलंग तुम्ही घ्याल, पण रात्री उठताना वडिलांना ती चिंचोळी जागा त्रासाची होऊ शकते. गाडी भाड्याने घेण्यापूर्वी त्यांना एकदा आत चढवून, बसवून आणि न्हाणीघरात उभे करून पाहता आले तर उत्तम.

ते जमत नाही असे दिसले तर ओरेगॉनच्या राज्य उद्यानांतल्या यर्ट पाहा. कापडी भिंतींच्या या गोल खोल्यांत पलंग, वीज आणि हीटर असतो. राज्याने त्या १९९४ साली आणल्या आणि किनाऱ्यावरच्या नेहेलम बे, बेव्हर्ली बीच यांसारख्या अनेक उद्यानांत त्या आहेत. काही यर्ट चाकाच्या खुर्चीने जाता येईल अशा आहेत. राज्य उद्यानांचे आरक्षण सहा महिने आधी सुरू होते, त्यामुळे आठवड्याच्या मधले दिवस पाहावेत. घरगुती पार्कातला जिव्हाळा तिथे मिळणार नाही हे मान्य आहे, परंतु वडीलधाऱ्यांची सोय आधी पाहावी असे मला वाटते.

आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत असते : किनाऱ्यावरच्या काही गावांत वाळूवर चालणारी रुंद चाकांची खुर्ची वापरायला मिळते. पर्यटन केंद्राला फोन करून आधी मागून ठेवावी.

---

समुद्रओढ :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भाड्याची आरव्ही बाबांना आधी दाखवून घेण्याची सूचना मी नक्की अमलात आणणार आहे. त्यांना पायऱ्या जमल्या तर मधल्या पट्ट्यात, समुद्रापासून थोडे आत असलेले घरगुती पार्क शोधेन.

वाचताना एक शंका आली. किनाऱ्यावर सगळीकडे त्सुनामीचे निळे फलक दिसतात. लहान पार्कात अशा प्रसंगी सूचना कोण देते? आई-बाबांना न घाबरवता काय सांगून ठेवावे?

---

भरती-ओहोटी :

शंका रास्त आहे आणि ती मालकांना विचारण्यात संकोच करू नका. चांगले मालक आल्या आल्या उंच जागेकडे जाणारी वाट दाखवतात. त्यांनी दाखवली नाही तर आपण विचारावी आणि पहिल्याच संध्याकाळी फिरायला म्हणून सगळ्यांनी त्या वाटेने जाऊन यावे. आई-बाबांसाठी तेवढे पुरेसे आहे. बाबांच्या चालीने किती वेळ लागतो हेही त्यातून कळेल, आणि तो जास्त वाटला तर चढावर किंवा खाडीपासून दूर, धोक्याच्या क्षेत्राबाहेर असलेले पार्क घ्यावे. राज्याच्या भूगर्भ विभागाने गावोगावचे त्सुनामी नकाशे तयार केले आहेत, त्यामुळे आरक्षणाआधीच पार्क कोणत्या क्षेत्रात येते ते पाहता येते. मी तर प्रत्येक वेळी पाहतोच.

यामागचे कारण थोडक्यात असे. किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्राखाली कास्केडिया हा भूपट्टांचा सांधा आहे. तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला. त्याची तारीख इतकी नेमकी कळली ती जपानच्या किनाऱ्यावर पोहोचलेल्या त्याच्या लाटांच्या नोंदींवरून. असा जवळचा भूकंप झाला तर पहिली लाट येण्यास वीस मिनिटांच्या आसपासच अवधी मिळू शकतो. म्हणून जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट पाहायची नाही. हादरे थांबताच पायी उंच जागेकडे निघायचे आणि आरव्ही तिथेच सोडायची. दूरच्या भूकंपाची लाट मात्र काही तासांनी येते आणि तिची सूचना फोनवर तसेच मालकांकडून वेळेत मिळते.

खरे सांगायचे तर रोजच्या दृष्टीने मला अचानक वर येणाऱ्या लाटांची आणि वाळूवर पडलेल्या मोठ्या ओंडक्यांची काळजी जास्त वाटते. समुद्र शांत दिसत असतानाही एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूप वर चढते, आणि ओंडका कितीही जड असला तरी थोड्याशा पाण्यातही तो उचलला जाऊन माणसावर फिरू शकतो. आपल्याकडच्या किनाऱ्यांवर असे ओंडके नसल्यामुळे वडीलधारी माणसे सहज त्यांच्यावर बसायला जातात. पाण्याच्या रेषेजवळच्या ओंडक्यांवर बसू नये आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नयेत, एवढे त्यांना आवर्जून सांगा.

भरती-ओहोटीच्या वेळा नोआ या अमेरिकेच्या समुद्र व हवामान संस्थेच्या तक्त्यांत मिळतात, आणि अनेक घरगुती पार्कांत त्या दिवसाच्या वेळा कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवतात. खडकांमधले तारामासे आणि समुद्रफुले पाहायची असतील तर ओहोटीच्या वेळेआधी साधारण एक तास तिथे पोहोचावे आणि पाणी परत फिरू लागले की निघावे. निसरड्या खडकांवर बाबांना नेऊ नका. त्या वेळात त्यांना आणि आईंना वरच्या कट्ट्यावर दुर्बीण देऊन बसवता येईल.